मावशींच्या माप-वहीतला डोस : नसांच्या गोळीची सहा वर्षं

जानेवारी २०२४. रात्री साडेदहाला मावशींच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आई सारखी नसांची गोळी मागतीय. घाम फुटलाय, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आता उलट्या चालू झाल्यात. इथले म्हणतात, हिला गोळीचं व्यसन लागलंय. खरं काय ते तुम्ही सांगा. गोळी तुमचीच आहे ना?"

गोळी माझीच होती. म्हणून हे प्रकरण मी मावशींना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदलले आहेत.

मावशी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. सांगली जिल्ह्यातल्या एका बाजारगावात घरीच शिवणकाम करतात. ब्लाऊज, पिको-फॉल, लग्नसराईत रात्र-रात्र काम. तीस वर्षं एकच पायमशीन. २००९ मध्ये मधुमेह निघाला आणि २०१८ च्या पावसाळ्यात त्या माझ्याकडे पाय घेऊन आल्या. दिवसा मुंग्या, रात्री तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखी आग, पातळ चादरसुद्धा पायावर सहन होत नाही. पण त्याच पायांना मशीनचं पायडल कळत नव्हतं. "पाय पायडलवर आहे का, ते वाकून बघावं लागतं," त्या म्हणाल्या.

आग आणि बधिरपणा एकाच तळव्यात कसा, हा प्रश्न घरचे नेहमी विचारतात. मधुमेहात सगळ्यात लांब नसांना आधी इजा होते, म्हणून पाय पहिले. झिजलेली नस स्पर्शाची खबर नीट पोचवत नाही आणि त्याच वेळी काही कारण नसताना वेदनेची खबर पाठवत राहते. तपासलं तेव्हा १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू दहापैकी चार ठिकाणी त्यांना कळला नाही. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ९.४ होतं. मी साखरेची औषधं वाढवली आणि रात्री प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम चालू केलं. मावशींची "नसांची गोळी" ती हीच.

दहा दिवसांनी त्या हसत आल्या. वर्षभरात पहिल्यांदा सलग सहा तास झोपल्या होत्या. ते बरं वाटणं खरं होतं. पुढे जे घडलं त्यामुळे ते खोटं ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डोस कसा चढला

महिन्याभरात रात्री १५०. वर्षभरात सकाळीही ७५, मग सकाळीही १५०. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "परत जरा आग वाढलीय," आणि मी एक पायरी वर चढायचो. खाली उतरून बघायचं माझ्या मनात कधी आलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत जुन्या चिठ्ठीचा फोटो मेडिकलवाल्याला जायचा आणि गोळ्या घरपोच यायच्या. पुढची दोन वर्षं तो फोटोच माझ्या जागी काम करत होता.

मधल्या काळात गुडघा दुखतो म्हणून त्या दुसऱ्या गावच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे सूज-दुखीवर डायक्लोफेनॅक मिळालं आणि सोबत "नसांच्या ताकदीची" एक कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. पाकिटावर मिथाइलकोबालामिन ठळक, त्यामुळे घरात सगळ्यांनी ती बी-१२ ची व्हिटॅमिनची गोळी म्हणून धरली. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम लिहिलं होतं. आपल्याकडे ही जोडगोळी अगदी सर्रास मिळते. दोन कंपन्यांची दोन नावं, दोन रंग, आत औषध एकच. माझे ३०० आणि त्यांचे १५०. मावशी रोज ४५० मिलिग्रॅम घेत होत्या. हे त्यांना माहीत नव्हतं, मला नव्हतं, हाडांच्या डॉक्टरांनाही नव्हतं.

२०२२ मध्ये पायांवर सूज आली. वजन ६१ वरून ७२ किलोवर गेलं. ते वजन खाण्याने वाढलं असं मी धरून चाललो, आणि सुजेसाठी लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड दिली. या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच. सूज आणि वजनवाढ हे प्रीगॅबालिनचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. शिवाय साखरेसाठी त्या घेत होत्या त्या एकत्र गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर पायोग्लिटाझोनही होतं. पायोग्लिटाझोन आणि प्रीगॅबालिन जोडीने चालू असलं की सूज आणखी वाढते. हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. एका गोळीचा त्रास मी नवा आजार समजलो आणि त्यावर दुसरी गोळी दिली. फ्युरोसेमाइड आणि डायक्लोफेनॅक एकत्र चालले की मूत्रपिंडावर भार येतो. तो आलाच.

दिवसा डुलकी लागायला लागली ती याच काळात. दिवाळीत एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. रडून त्यांनी नवं कापड आणून दिलं, आणि घरच्यांनी "वय झालं" म्हणून विषय संपवला. जानेवारी २०२४ मध्ये रात्री लघवीला उठताना तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यातली तिसरी रात्र

शहरातल्या रुग्णालयात मनगट बसवलं. साखर ३४० आणि मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.६ निघालं, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. मुलाने औषधांची पिशवी नेली होती, पण माझ्या गोळ्यांची पाकिटं घरी फ्रीजवर राहिली. जोडगोळी पिशवीत होती. तिथे कुणीतरी ती व्हिटॅमिन समजून यादीतून काढली, मोडलेल्या हातावर बी-१२ ची काय घाई, म्हणून. ४५० मिलिग्रॅम एका दिवसात शून्यावर आलं.

निरोगी मूत्रपिंड असेल तर प्रीगॅबालिनचं रक्तातलं प्रमाण साधारण सहा तासांनी निम्मं होतं. ते यकृतात फारसं मोडत नाही, जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे जातं. मावशींची मूत्रपिंडं मंद चालत होती, म्हणून औषध सावकाश उतरलं आणि त्रास दुसऱ्या रात्री सुरू झाला. झोप गेली, मग घाम, धडधड, हातांची थरथर. तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, आणि पायांची आग २०१८ पेक्षाही जास्त. साखर उतरली का बघितलं, १६८ होती. जंतुसंसर्ग आहे का बघितलं, नव्हता. त्या सारखं एकच म्हणत होत्या, "माझी नसांची गोळी द्या." मग कुणीतरी "व्यसन" हा शब्द वापरला आणि तो घरच्यांच्या कानावर पडला.

मी मुलाला म्हणालो, घरात आईच्या नावाच्या जेवढ्या पट्ट्या आहेत तेवढ्या सगळ्या पलंगावर मांड आणि मागच्या बाजूचे फोटो पाठव, जिथे घटक छापलेले असतात. सुनेने घरून फोटो पाठवले. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी बघितल्या तेव्हा मला ४५० चा हिशेब पहिल्यांदा कळला. अजून एक गोष्ट कळली. एक पट्टी तांदळाच्या डब्यात सापडली होती. आई जास्त घेते अशी शंका आल्यावर सुनेने ती महिन्याभरापूर्वी लपवली होती.

रात्रपाळीच्या डॉक्टरांशी बोललो. ते तरुण होते, शांतपणे ऐकलं. मी काय सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण असा फोन कुणालाही येऊ शकतो. एक, हा औषध अचानक तुटल्याचा त्रास आहे. अशात क्वचित झटकेही येऊ शकतात, म्हणून औषध परत चालू करायला हवं. दोन, पूर्वीचा डोस द्यायचा नाही, कारण हे मूत्रपिंड तेवढं बाहेर टाकू शकत नाही. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला ४४ मिलिलिटरच्या आसपास येत होती. ती ३० ते ६० मध्ये असली की नेहमीचा डोस निम्मा करतात. मधुमेही नसांच्या दुखण्यासाठी अमेरिकेतल्या माहितीपत्रकात दिवसाला ३०० ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे मावशींसाठी १५०, आणि त्या घेत होत्या त्याच्या तिप्पट. तीन, हाताच्या दुखण्यावर ट्रामाडॉल लिहिलं होतं, ते बदला. प्रीगॅबालिनबरोबर अफूच्या जातीची वेदनाशामकं आली की श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे, आणि मूत्रपिंड कमजोर असलं तर तो जास्तच लागू होतो.

एकदम १५० वर न आणता आधी ७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं ठरलं, २२५. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घाम थांबला. त्या रात्री मावशी झोपल्या.

व्यसन हा शब्द

आठवड्याने त्या दवाखान्यात आल्या, हात गळ्यात अडकवलेला. सून सोबत होती. मावशी खाली बघून म्हणाल्या, "डॉक्टर, मी दारुडी झाले का?"

मी त्यांना शिलाईतलंच उदाहरण दिलं. दोऱ्याचा ताण वाढवत नेला तर खालची बॉबिनही त्या ताणाला बसवून घ्यावी लागते. मग वरचा ताण एकदम सोडला तर टाका विस्कटतो. नसांच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारी दारं असतात. प्रीगॅबालिन त्या दारांच्या एका भागाला चिकटतं आणि वेदनेची खबर नेणारी रसायनं कमी सुटतात. वर्षानुवर्षं असं झालं की नसा आणि मेंदू त्या दबावाला धरून स्वतःचा समतोल नव्याने बसवतात. औषध एकदम काढलं की तो दबाव नाहीसा होतो आणि सगळं एकदम उसळतं. घाम, धडधड, न झोपणं, आग हे सगळं त्यातलंच. याला अवलंबित्व म्हणतात. ते सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्या माणसालाही होतं.

व्यसन वेगळं. त्यात माणूस गोळीच्या मागे जातो, नशेसाठी घेतो, नुकसान दिसत असूनही थांबू शकत नाही. या औषधात तो धोका नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत २००५ पासून प्रीगॅबालिन नियंत्रित औषधांच्या यादीत आहे, ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये प्रीगॅबालिन आणि त्याच जातीचं गॅबापेंटिन दोन्ही नियंत्रित केली, आणि आपल्याकडे पंजाबातल्या काही जिल्ह्यांत जास्त मात्रेच्या प्रीगॅबालिनच्या विक्रीवर प्रशासनाने बंदी घातली. ज्यांना आधी दारूचं किंवा अफूचं व्यसन होतं त्यांच्यात हे जास्त दिसतं. म्हणून मी मावशींना सरळ विचारलं. लग्नसराईत आग फार झाली की आठवड्यातून एक-दोनदा एक जास्तीची गोळी घेतली होती, त्यांनी कबूल केलं. का? "दुसऱ्या दिवशी चार ब्लाऊज द्यायचे होते." हे मी लिहून घेतलं. पण नशेसाठी कधीच नाही, आणि दोन ठिकाणांहून एकच औषध येतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुनेचे डोळे भरले. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुमचं भलं करतीय." मावशींनी तिचा हात धरला. त्या दिवशी औषधाबद्दल मी आणखी काही बोललो नाही.

पायरी-पायरीने खाली

आधी बाकीची कामं उरकली. डायक्लोफेनॅक बंद. पायोग्लिटाझोन बंद, मेटफॉर्मिन निम्मं, साखरेसाठी रात्रीचं इन्शुलिन. मग फ्युरोसेमाइड बंद. पाच आठवड्यांत घोटे दिसायला लागले, वजन ६६ वर आलं, क्रिएटिनिन १.२ झालं. बी-१२ तपासलं तर भरपूर होतं, जोडगोळीमुळे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, त्यातून शाकाहारी असतील तर, बी-१२ कमी होऊन असाच बधिरपणा येतो. ती शंका इथे मिटली, पण जोडगोळी बंद केल्यावर दर वर्षी तपासायचं ठरवलं.

मग प्रीगॅबालिन. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची एप्रिल २०२२ ची मार्गदर्शिका अशा औषधांसाठी सांगते की घट आधीच्या डोसच्या प्रमाणात करा, म्हणजे जसं खाली येऊ तशा पायऱ्या लहान होतात, आणि वेग रुग्णाशी बोलून ठरवा. कागदावर हे सोपं आहे. आमच्या बाजारपेठेत ७५ आणि १५० शिवाय मिळत नव्हतं, त्यातही बहुतेक जोडगोळ्याच. ७५ च्या पायरीने उतरणं म्हणजे जिना सोडून माडीवरून उडी मारण्यासारखं. मेडिकलवाल्याला सांगून सांगलीच्या स्टॉकिस्टकडून साध्या २५ च्या कॅप्सूल मागवल्या. त्याने दोन महिने केवळ मावशींसाठी त्या ठेवल्या, बाकी कुणी मागत नसताना.

मोजायचं कसं? शून्य ते दहा आकड्यांत दुखणं सांगा म्हटलं तर मावशी दर वेळी "सहा" म्हणायच्या. मग त्यांनीच उपाय काढला. गिऱ्हाइकांची मापं लिहायची त्यांची लांबट वही आहे. तिच्या मागच्या पानांवर रोज सकाळी एक शब्द लिहायचा, रात्रीचा पाय कसा होता : कोमट, ऊन, किंवा तवा. शेजारी त्या दिवसाचा डोस.

त्या वहीने मला जे शिकवलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. दर तीन-चार आठवड्यांनी २५ कमी केले. प्रत्येक घटीनंतर पाच-सहा दिवस "ऊन", मधेच एखादा "तवा", मग परत "कोमट". २२५ वरून २००, १७५, १५०, १२५, १००. प्रत्येक वेळी तोच नमुना. आजाराने दुखणं वाढलं असतं तर ते आठवड्यात आपोआप खाली आलं नसतं. हा शरीर जुळवून घेतानाचा त्रास होता. आणि त्याच वेळी मला आठवलं की २०१९ पासून "परत जरा आग वाढलीय" म्हणून मी चढवत गेलो, तेव्हाही एखादा आठवडा थांबलो असतो तर काय दिसलं असतं. ते आता कळणार नाही. पण ४५० वर त्या जेवढ्या झोपत होत्या तेवढ्याच १०० वर झोपत होत्या, हे वहीत लिहिलेलं होतं.

हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हेही इथे सांगायला हवं. औषधांवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात मधुमेही नसांच्या दुखण्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर निदान निम्म्याने आराम पडला तो १०० पैकी सुमारे ३१ जणांना, आणि आत औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीवर सुमारे २४ जणांना. ज्याला लागू पडतं त्याला खूप पडतं, मावशींना २०१८ मध्ये पडलं तसं. पण कुणाला पडतंय आणि किती डोसवर, हे दर थोड्या दिवसांनी विचारल्याशिवाय कळायचं नाही.

सप्टेंबरात १०० वरून ७५ वर येताना गाडी अडकली. गणपती होते, गौरींच्या साड्यांचे ब्लाऊज होते, झोप कमी. नऊ दिवस सलग "तवा". आम्ही परत १०० वर गेलो आणि महिनाभर थांबलो. याला हार मानू नका, मी सांगितलं, आणि ते मनापासून होतं. त्या महिन्यात सकाळी जेवणानंतर नसांच्या दुखण्यावरचंच दुसरं औषध, ड्युलोक्सेटिन, ३० मिलिग्रॅम चालू केलं. एक काढायला दुसरी द्यायची का, यावर मी बराच घुटमळलो. २०२२ मध्ये ब्रिटनमधला ऑप्शन-डीएम नावाचा १३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या तीन औषधांतल्या कशानेही सुरुवात केली आणि गरजेनुसार जोड दिली, तरी आराम सारखाच पडला होता. अमिट्रिप्टिलिनने तोल जाण्याची भीती होती, नुकताच हात मोडलेला. ड्युलोक्सेटिनही अचानक सोडायचं नसतं, हे मी या वेळी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मावशींनी वहीत लिहून घेतलं : "ही पण हळू." पहिले पाच दिवस मळमळ झाली, मग गेली.

नोव्हेंबरात ७५ सहज जमलं. उत्साहात ५० वर गेलो. या वेळी नमुना बदलला. पाच दिवसांनी उतार पडला नाही. तीन आठवडे सलग "ऊन" आणि "तवा", घाम नाही, थरथर नाही, फक्त पाय. म्हणजे इथे शरीर गोळीची सवय सोडत नव्हतं, आजारच बोलत होता. परत ७५ वर आलो, चार दिवसांत "कोमट".

मावशींच्या आजाराला लागणारा डोस हा होता, ७५ मिलिग्रॅम, रात्री. बाकीचे ३७५ त्यांच्या अंगात सूज, झोप आणि कापलेल्या दोन डाव्या बाह्या होऊन राहिले होते.

दरम्यान मुलाने प्रेमाने मशीनला मोटार बसवून दिली. मावशींनी ती महिन्यात काढायला लावली. मोटारीचं बटण पायाखाली असतं आणि किती दाबलं ते तळव्याला कळत नाही, सुई पळते. पायमशीनवर उजवा हात चाकावर असतो, चाकाचा आवाज कानाला कळतो, पायाचं काम कान करतात. माझ्या लक्षात हे आलं नसतं. आता त्या बंद सँडल घालून पायडल मारतात आणि रोज रात्री सून आरसा धरून तळवे बघते, फोड किंवा चीर आहे का म्हणून.

परवा त्या तपासणीला आल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर हल्ली प्रत्येक नसांच्या गोळीपुढे एक तारीख असते, त्या तारखेला डोस कमी करून बघायचा. मावशींनी ती वाचली, पाडव्यानंतरचा आठवडा.

"डॉक्टर, ही ७५ ची कधी सुटणार?"

"सुटायलाच हवी असं नाही, मावशी. पाडव्यानंतर परत बघू. तोवर ही तुमची आहे, आणि किती आहे ते आपल्याला माहीत आहे."

त्यांनी पिशवीतून वही काढली. एका गिऱ्हाइकाच्या गळ्याच्या आणि बाहीच्या मापांच्या मधे रिकामी ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं, "मी, ७५, रात्री," आणि खाली पाडव्याची तारीख.